दर्याचा नारळ

आमच्या घरात मतं असण्याचा मक्ता डॉक्टरांकडे आहे. डॉक्टर म्हणजे माझे यजमान, शशिधर. लीड्सच्या इस्पितळात दिवसभर लोकांची मोडलेली हाडं जोडतात आणि संध्याकाळी घरी येऊन आमची वाक्यं दुरुस्त करतात. डिशवॉशरमध्ये चमचे कोणत्या बाजूनं लावावेत इथपासून इराकचं युद्ध कसं संपवावं इथपर्यंत त्यांना सगळं ठाऊक असतं. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्यावर बरीच चिडणार आहे.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. सासूबाई गेल्या आणि त्या हिवाळ्यात हे नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, लीड्सला घेऊन आले. नानांनी जन्मभर हर्णै बंदरावर बंदर खात्यात कारकुनी केलेली. कोणती होडी गेली, कोणती आली, कोण परतलं आणि कोण नाही, हे बघत बसणं हीच नोकरी. ठरलं असं होतं, की ऑगस्टपर्यंत राहायचं आणि रुचलं तर कायमचंच. परतीचं तिकीट हातात होतं, आणि कायम राहण्यासाठी काय काय लागतं याची चौकशीही ह्यांनी करून ठेवली होती.

नाना फेब्रुवारीत उतरले ते बर्फातच. कानटोपी, मफलर, त्यावर ह्यांचा जुना ओव्हरकोट अशा थाटात ते रेडिएटरला पाठ लावून खिडकीशी बसले आणि गप्प झाले. रागावून नव्हे. बोलण्यासारखं काही उरलंच नाही, अशा तऱ्हेनं. ह्यांच्याशी त्यांचं बोलणं म्हणजे हे सूचना देणार आणि ते मान डोलावणार. मी कौन्सिलच्या ऑफिसातून दुपारी आले की "चहा झाला का गं" एवढं एक वाक्य मला मिळायचं.

आणि मंजिरी, आमची नऊ वर्षांची मुलगी. तिला मराठी कळायचं ते जेवायला ये, हात धू, गप्प बस एवढंच. उत्तर द्यायची ते यॉर्कशरच्या इंग्रजीत. नानांचं इंग्रजी सरकारी खलित्यांचं. 'आपला आज्ञाधारक सेवक' ते झोकात लिहायचे, पण मंजिरीचं एक अक्षर त्यांना कळत नसे. आजोबा आणि नात एका सोफ्यावर बसायचे आणि मध्ये उशी ठेवल्यासारखं अंतर राहायचं. ते बघून माझा जीव तुटायचा. माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होते, तिकडे पोचू शकले नाही. मला नाना हवे होते. ह्यांच्यासाठी किंवा मंजिरीसाठी नव्हे, मलाच घरात एक वडीलधारं माणूस हवं होतं.

त्या टर्ममध्ये मंजिरीच्या वर्गाला व्हायकिंग, म्हणजे नॉर्वेकडचे जुने दर्यावर्दी, शिकायला होते. शाळेची ट्रिप यॉर्कला जाऊन आली, ही शिंगांचं प्लॅस्टिकचं शिरस्त्राण घालून घरभर फिरायला लागली. ह्यांच्या इस्पितळात मारित नावाची नॉर्वेची फिजिओथेरपिस्ट होती. तिनं हौसेनं एक व्हिडिओ कॅसेट दिली. लहान मुलांचा सिनेमा, व्हायकिंगांच्या काळातला, तिच्या बहिणीनं तिकडच्या टीव्हीवरून उतरवून घेतलेला. ह्यांनी तो लावला, थोडा वेळ बघितला आणि निकाल दिला.

"सबटायटल्स नाहीत. पॉइंटलेस आहे. हिला काय कळणार?" असं म्हणून ते झोपायला गेले.

मंजिरी मात्र हलली नाही. आणि नाना तर समोरच बसलेले होते, ते कुठे जाणार?

सिनेमा तसा साधा होता. समुद्राकाठचं एक गाव, तिथला एक मुलगा. त्याचे वडील जहाजावर गेलेले. एक म्हातारा नावाडी त्याला आपल्या लहानशा होडीत घेतो आणि दोघं निघतात. वाटेत चोर, वादळ, सोन्याचं कडं असं सगळं. शेवटी मुलगा गावात परत येतो आणि म्हातारा एकटाच पुन्हा होडीत बसून निघून जातो. मुलगा काठावर उभा राहून हात वर करतो. संपलं.

मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते, आणि बाहेरून नानांचा आवाज आला. "आता वारा फिरणार बघ."

मी सुरी ठेवून दारात आले. पडद्यावर वारा फिरला. शीड फडफडायला लागलं. मंजिरीनं वळून आजोबांकडे पाहिलं, बहुतेक आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"आजोबा, तुला नॉर्वेजियन येते?"

नानांनी मफलर सारखा केला. म्हणाले, "थोडंथोडं."

सासरे धडधडीत खोटं बोलले आणि मी तोंडाला पदर लावायच्या ऐवजी एप्रन लावला.

मग रोज शाळेतून आली की कॅसेट. नाना एकेका प्रसंगाचा अर्थ सांगायचे, हातवारे करून, पायाखाली होडी असल्यासारखे डुलत. मुलाचं नाव त्यांनी गणू ठेवलं. म्हातारा नावाडी झाला तांडेल, हर्णैकडे होडीच्या म्होरक्याला म्हणतात तसा. मंजिरीचा प्रश्न इंग्रजीत आला की नानांना ऐकू येत नसे. मग ती झटापट करून मराठीत विचारायची. "आजोबा, तो होडी का बुडला नाही?" "तो माणूस वाईट आहे का चांगली?" मोडकंतोडकं असो, पण उन्हाळ्यापर्यंत वल्हं, सुकाणू, शीड, भरती, ओहोटी हे शब्द तिच्या तोंडात असे बसले, की मलाच माझं मराठी शहरी वाटायला लागलं.

वादळाचा प्रसंग त्यांचा सगळ्यात आवडता. ते का आलं हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

"नारळ दिला नाही त्यांनी. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नसते. पावसाळाभर आमच्या होड्या वाळूवर. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा, मगच निघायचं. नारळ नाही तर जाणं नाही."

"नॉर्वेमध्ये कोकोनट असतो?"

"जहाजानं येतो," नाना म्हणाले.

आणि शेवट? तांडेल एकटा कुठे जातो? तो गणूच्या बापाला आणायला जातो. म्हणून तर गणू रडत नाही. "तो परत येते?" मंजिरी दर वेळी विचारायची, आणि नाना दर वेळी म्हणायचे, "येणार म्हणजे. जन्मभर बंदरावर बसलोय मी. माणूस परत येणार की नाही, मला तोंडावरून कळतं."

जुलैमध्ये शाळेत मंजिरीच्या वर्गाची असेंब्ली होती, पालकांना बोलावणं होतं. हे ऑपरेशनमध्ये अडकले. मी अर्धी रजा टाकली आणि नानांना घेऊन गेले. नानांनी कोट घातला, दाढी दोनदा केली. मुलं पुठ्ठ्याच्या ढाली घेऊन ओळीनं उभी, प्रत्येकानं व्हायकिंगांबद्दल एक गोष्ट सांगायची. मंजिरीची पाळी आली. खणखणीत आवाजात तिनं सांगितलं, की जहाज निघण्यापूर्वी व्हायकिंग लोक समुद्रात एक नारळ टाकायचे, नाहीतर वादळ यायचं. मिसेस हॉल्डन, तिच्या बाई, प्रेमानंच म्हणाल्या, की गोष्ट फार छान आहे, पण तिकडे नारळ नव्हते गं. त्यावर आमच्या कन्येनं सांगितलं, "होते. माझ्या आजोबांना नॉर्वेजियन येतं."

हॉल हसला. दुष्टपणानं नव्हे. पण तिसऱ्या रांगेत कोट घालून बसलेल्या, तपकिरी रंगाच्या आजोबांकडे माना वळल्या आणि मग जास्तच हसला. मंजिरीचं तोंड एवढंसं झालं. ढाल वर करून तिनं ते झाकून घेतलं.

घरी येताना नानांनी विचारलं, "पोरीला हसले?"

"नाही हो नाना. कौतुक करत होते."

"सुप्रभा, मला इंग्रजी कळत नाही. हसणं कळतं."

संध्याकाळी डॉक्टरांचं व्याख्यान झालं. नेहमीचं नव्हे, उभं राहून.

"नाना, तिला काहीही सांगत जाऊ नका, प्लीज. इथं शाळेत फॅक्ट्स लागतात. ऑलरेडी आपण यांच्यात वेगळे दिसतो, त्यात आणखी हसायला कारण कशाला? शी वॉज ह्युमिलिएटेड."

आता हेही सांगायला हवं, की पंधरा वर्षांपूर्वी हे स्वतः इथे नवे असताना, यांच्या उच्चारांना अख्खा वॉर्ड हसला होता. त्या रात्री हे जेवले नव्हते. म्हणजे राग पोरीच्या काळजीचाच होता, हे मला कळत होतं. तरीही त्या क्षणी त्यांच्या तोंडात बोळा कोंबावा असं मला वाटलं. बोलायचं तर नानांशी एकांतात बोलावं. म्हाताऱ्या बापाला मुलीसमोर उभं करून कशाला?

नाना एवढंच म्हणाले, "चुकलं माझं." आणि पाणी पिऊन झाल्यावर, अगदी हवापाण्याचं बोलावं तसं, "ऑगस्टचं तिकीट आहेच. जातो मी. माझ्या बोलण्याचा पोरीला उपयोग तर नाहीच, वर त्रास."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. आता हे म्हणतील, नाना, राहा. तेवढंच म्हणायचं होतं. पण हे म्हणाले, "तुमची इच्छा." बापलेकांच्या तोंडाला कुलूप एकाच कारखान्यातलं. दोघंही वाट बघणार, आधी दुसरा उघडतो का याची.

वर ह्यांनी काय केलं? मारितच्या मागे लागून त्याच सिनेमाची इंग्रजीतली कॅसेट मागवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. "आता काय खरं ते कळेल तिला," म्हणाले आणि शनिवारी दुपारी स्वतः ती लावून आमच्यात बसले. नाना सोफ्याच्या टोकाला. टीव्हीतली माणसं एकाएकी चुरूचुरू इंग्रजी बोलायला लागली आणि नाना त्या घरात पुन्हा परके झाले.

गणूचं नाव एरिक होतं. त्याचा बाप मेलेला होता, सिनेमाच्या सुरुवातीलाच कुणीतरी तसं सांगतं, आम्हाला ते कळलंच नव्हतं. आणि शेवटी होडीत बसताना तांडेल म्हणतो, की मी आता म्हातारा झालो, माझं इथलं काम संपलं, माझी वाट पाहू नकोस.

मंजिरी ताठ बसली होती. हे सुरू झाले, "सी? ही इज गोइंग अवे टु डाय. जुन्या काळी असं..." मी त्यांच्या पावलावर टाच दिली. चांगली दिली.

तेवढ्यात नानांनी विचारलं, "काय म्हणाला गं तांडेल?"

मंजिरीनं आजोबांकडे पाहिलं. मग टीव्हीकडे, मग कोपऱ्यात ठेवलेल्या त्यांच्या रिकाम्या सुटकेसकडे. ती मी त्याच सकाळी माळ्यावरून काढून ठेवली होती.

"तो म्हणाला," ती हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवत बोलली, "नारळ राहिला. मी नारळ घेऊन येते. तू इथेच थांब."

"वाटलंच मला," नाना म्हणाले.

नंतर मी कप विसळत होते आणि नाना पुसत होते. "खोटं बोलली पोरगी," ते म्हणाले.

"नाना, तिला वाईट वाटू नये म्हणून..."

"अगं, मी कुठे रागावलोय? त्या नावाड्याचं तोंड मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. परत न येणाऱ्याचं तोंड होतं ते. मीही पोरीशी खोटंच बोललो होतो." कप पालथा घालून ते हसले. "पण मराठीत बोलली. खरं काय, कोणीही मोडकंतोडकं बोलतो. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते."

मला वाटलं, आता हे राहतील. पण छे! जातो म्हणाले होते ना. सरकारी शिक्का एकदा उमटला की उमटला. सुटकेस भरायला लागले. त्यांची फक्त एक मागणी होती. निघण्याआधी स्कारबरोला जाऊन समुद्राला नारळ द्यायचा. विमान झालं म्हणून काय झालं, जायचं समुद्रावरूनच. "नारळाशिवाय मी निघणार नाही," हे त्यांनी ह्यांनाही सांगून ठेवलं.

हेअरहिल्सच्या दुकानातून मी चांगला शेंडीचा नारळ आणून देवापाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी नारळ नाही.

"तूच चटणीत घातला असशील," हे म्हणाले. अख्खा नारळ चटणीत घालून बाई विसरेल म्हणे!

मी दुसरा आणला. तोही गेला. मंजिरीला विचारलं, तर तिनं वहीतून मान वर न करता सांगितलं, "मला माहीत नाही, आई."

एरवी ही पोरगी 'डनो' यापलीकडे उत्तर देत नाही. पूर्ण वाक्य, शुद्ध मराठी! मला तेव्हाच वास यायला हवा होता. नानांना विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मांजरानं नेला असेल." आमच्याकडे मांजर नाही. मी गडबडीत होते, म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

तिसरा नारळ आणला तो मुद्दाम फ्रिजवर ठेवला. विमानाला तीन दिवस उरले होते, रविवारी स्कारबरो ठरलेलं. शनिवारी बघते तर फ्रिजवर फक्त धूळ.

त्याच सकाळी मी वर नानांच्या खोलीत हूवर फिरवून केर काढत होते. आजोबा-नात खाली कॅसेट बघत होते. नॉर्वेजियनच. इंग्रजी कॅसेट मंजिरीनं पुन्हा लावू दिली नव्हती. हूवर पलंगाखाली घातला आणि कशाला तरी ठेचकाळला. वाकून ओढलं, तर मंजिरीची शाळेची, पीईच्या म्हणजे कवायतीच्या कपड्यांची पिशवी. जड. वरून चाचपली आणि कळलं. तीन गोळे. आत मऊ काहीतरी, एकमेकांवर आपटून आवाज होऊ नये म्हणून गुंडाळलेलं. फटीतून नानांच्या मफलरचा काठ दिसत होता.

अस्सं, म्हणजे ही बया आजोबांना जाऊ देणार नव्हती. नारळ नाही तर जाणं नाही, असं त्यांनीच शिकवलं होतं तिला. लहान मुलाचं गणित ते, मला हसू आलं. पिशवी उघडायला गेले आणि हात थांबला.

पिशवीच्या नाडीला गाठ मारलेली होती. चपटी, दुहेरी, वर पीळ दिलेली. हर्णैहून आलेल्या प्रत्येक पार्सलवर, आमसुलांच्या प्रत्येक पुडक्यावर मी ती गाठ बघितली आहे. नखं मोडली तरी मला ती सुटत नाही, दर वेळी कात्रीच लागते. मंजिरीला अजून बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही.

नारळ पोरीनं पळवले होते. पण बांधून ठेवले होते नानांनी.

मी तिथेच त्यांच्या पलंगावर बसले आणि रडले. हूवर चालू ठेवूनच, खाली ऐकू जाऊ नये म्हणून. एवढा म्हातारा माणूस, राहतो म्हणायची लाज वाटते म्हणून नातीच्या पिशवीला गाठ मारत बसला होता. आणि दहा पावलांवर त्याचा मुलगा, राहा म्हणायची लाज वाटते म्हणून पेपर वाचत होता.

"सुप्रभा," खालून ह्यांची हाक आली. "नारळ मिळाला का? उद्या लवकर निघायला हवं. ए सिक्स्टी फोरवर ट्रॅफिक असतो."

मला उठून सांगता आलं असतं. पिशवी घेऊन खाली जावं, टेबलावर आपटावी आणि बापलेकांना समोरासमोर बसवावं, माझा स्वभाव तसा आहे. पण मग नाना काय म्हणाले असते? चुकलं माझं. आणि मुकाट निघाले असते.

मी पिशवी होती तशी आत सरकवली. आणखी थोडी आत सरकवली. डोळे पुसले आणि खाली गेले.

हे हॉलमध्ये गाडीची किल्ली घेऊन उभे होते. लाउंजचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून वादळाचा आवाज येत होता.

"नाही मिळाला," मी म्हटलं. "घरातही नाही आणि दुकानातही नाही. माल आलाच नाही म्हणे यंदा."

"म्हणजे? परवाच तर तू..."

"नाही म्हटलं ना. आणि नाना नारळाशिवाय निघणार नाहीत. तुम्हाला सांगितलंय त्यांनी."

हे माझ्याकडे बघत राहिले. माझे डोळे लाल होते, लपण्यासारखे नव्हते. लीड्समध्ये नारळ मिळत नाही म्हणजे काय, लीड्स नाही तर ब्रॅडफर्डला मिळेल, ब्रॅडफर्डला तर गाड्या भरून मिळतील, हे सगळं ह्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. इतकी वर्षं चूक दुरुस्त केल्याशिवाय हा माणूस कधी गप्प बसला नाही. आतून नाना म्हणत होते, "आता वारा फिरणार बघ," आणि मंजिरी म्हणत होती, "माहीत आहे, आजोबा. नारळ नाही दिला ना."

ह्यांनी लाउंजच्या दाराकडे पाहिलं. मग किल्ली खुंटीला लावली आणि ट्रॅव्हल एजंटचा नंबर फिरवायला घेतला.

"खरंय," ते म्हणाले, आणि बरोबर असले की इंग्रजीत बोलणारा हा माणूस चक्क मराठीत बोलला. "मीसुद्धा काल दुकानात जाऊन आलो. एकही नारळ नव्हता."

काल ते सकाळपासून अंधार पडेपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्ये होते.